ब्योलीची सकाळ

कुमाऊंच्या डोंगरातल्या लग्नघरात वधूची, म्हणजे ब्योलीची, तयारी एका खोलीत एका आरशासमोर होत नाही. ती घरभर पसरलेली असते. पटांगणात गेरूने सारवून ऐपण काढलं जात असतं, आत पुरोहित गणेशाची आणि मातृकांची पूजा मांडत असतो, कुठे हळद वाटली जात असते, आणि भिंतीला टेकून बसलेल्या दोन वयस्क बायका शकुनाखर गात असतात. या कामांच्या मधून ब्योलीला फिरवलं जातं आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या अंगावर काहीतरी चढतं: पाणी, हळद, ठिपके, नथ, शेवटी पिछौडा, म्हणजे ठिपक्यांची पिवळी ओढणी. अल्मोडा, बागेश्वर, पिथौरागढ, चंपावत, नैनिताल या जिल्ह्यांत तपशील गावागणिक आणि जातीगणिक बदलतात, पण एवढा ढाचा सगळीकडे ओळखू येतो.

गेल्या काही दशकांत या ढाच्यात एक नवं माणूस आलं आहे, ते म्हणजे पार्लरवाली. काठगोदामच्या पुढे डोंगरात रेल्वे नाही, त्यामुळे ती हल्द्वानीहून पहाटेच्या अंधारात जीपने निघते किंवा आदल्या रात्रीच मुक्कामाला येते. तिच्यात आणि शकुनाखर गाणाऱ्या बायकांत, ज्यांना गिदार म्हणतात, लग्नाच्या सकाळी अनेक बारीक खटके उडतात. ते खटके पुढे दोघींच्या बोलण्यातून मांडले आहेत. दोघी प्रातिनिधिक आहेत. गिदार आजीच्या वयाची, म्हणून पार्लरवाली तिला आमा म्हणते. आमा तिला चेली, म्हणजे पोरी, म्हणते.

सकाळची सुरुवात शकुनाखरांनी होते. ही मंगलगीतं वाद्याशिवाय गायली जातात, आणि प्रत्येक विधीचं गीत वेगळं असतं. गणेशाला, मातृकांना, सूर्य-चंद्राला, घरातल्या पितरांना नावं घेऊन बोलावलं जातं. एका गीतात पोपटाला निमंत्रण घेऊन गावोगाव धाडलं जातं. घरच्या कर्त्या माणसांचा उल्लेख राम-लक्ष्मणाच्या आणि सुनांचा सीतेच्या नावाने होतो. गीतांची भाषा रोजच्या कुमाऊंनीपेक्षा जुनी आणि हिंदीकडे झुकलेली असते. तरुण मुलींना ती अर्धीच कळते, पण चाल मात्र सगळ्यांना पाठ असते.

‘आमा, तुमचं गाणं सुरू झालं की ही मान खाली घालते,’ पार्लरवाली म्हणते. ‘मला डोळ्यांचं काम करता येत नाही.’

‘मान खाली घालायचीच वेळ आहे ती,’ आमा म्हणते. ‘पितरांना बोलावलंय. ते आल्यावर ही आरशात बघत बसणार का?’

‘पितर दुपारपर्यंत थांबतील. बरात थांबायची नाही.’

हा विनोद वाटतो, पण सगळ्या वादाचं मूळ या उत्तरात आहे. ते हळदीच्या वेळी अधिक स्पष्ट होतं.

हळदीचा क्रम साधा आहे. घरातल्या आणि शेजारच्या सवाष्णी एकेक करून पुढे येतात, दूर्वांची जुडी हळदीत आणि तेलात बुडवतात आणि पाय, गुडघे, खांदे, डोकं असा खालून वर स्पर्श करतात. नंतर हातानेच अंगाला हळद चोळली जाते आणि मग स्नान. पूर्वी स्नानाचं पाणी नौळ्यावरून यायचं. नौळा म्हणजे झऱ्यावर बांधलेलं, देवळासारखं छप्पर असलेलं दगडी टाकं. सासरी गेलेली सूनही पुढे तिथल्या नौळ्याची किंवा धाऱ्याची, म्हणजे वाहत्या झऱ्याची, पूजा करते. लग्नाचे मोठे मुहूर्त मार्गशीर्षात असतात, ज्याला तिकडे मंगसीर म्हणतात. त्या दिवसांत पहाटे शेतांवर पाला, म्हणजे गोठलेलं दव, पांढरं धरलेलं असतं. एवढ्या थंडीत अंगभर ओली हळद घेऊन, एका पाठोपाठ एक येणाऱ्या वीस-पंचवीस बायकांसमोर बसून राहणं सोपं नसतं. जुन्या बायका याचं वर्णन करताना थंडीचा उल्लेख सहसा गाळतात.

पार्लरवालीची अडचण वेगळी आहे. ‘ताजी हळद आणि मोहरीचं तेल लावलेल्या चेहऱ्यावर बेस बसत नाही, आमा. फोटोत चेहरा पिवळा येतो. हळद आदल्या दिवशी उरका.’

‘आदल्या दिवशी सुवाल करायचे असतात.’

‘सुवाल आता हलवाई देतो.’

सुवाल हे गव्हाच्या पिठाचे पापडासारखे पातळ लाटलेले पदार्थ. ते लाटायला आणि तिळाचे, तांदळाच्या पिठाचे लाडू वळायला लग्नाआधी बायका जमतात. त्या कार्यक्रमाला सुवाल पथाई म्हणतात. त्यातूनच व्याही आणि विहीण यांच्या बाहुल्या बनवल्या जातात आणि दोन्ही घरांत त्यांची देवाणघेवाण होते. व्याह्याच्या तोंडात विडी खोचण्यापर्यंत त्यांची टिंगल चालते. हलवाई सुवाल देतो, पण बाहुल्या देत नाही. म्हणून सुवाल पथाई जिथे बंद पडली तिथे पदार्थ टिकला आणि चेष्टा गेली.

बऱ्याच घरांत आता हळद आदल्या संध्याकाळी गेली आहे, आणि तिथे तिला मैदानी प्रदेशातून आलेली मेंदीची रात्र भेटली आहे. दोन्ही मिळून एक कार्यक्रम होतो, त्यात पिवळे कपडे, झेंडूच्या माळा आणि ध्वनिक्षेपकावरची गाणी असतात. आमाला हा बदल पार्लरने आणला असं वाटतं. ही समजूत डोंगरात सर्रास ऐकू येते, पण ती चुकीची आहे.

पार्लरवाली ते नीट सांगते. ‘आमा, लग्न दिवसा करायचं मी ठरवलं का? तुमच्या गावाने ठरवलं. ते ठरल्यावर मला फोन आला.’

कुमाऊंतलं जुनं लग्न रात्रीचं होतं. बरात संध्याकाळी पोचायची आणि वराचं स्वागत गोरज मुहूर्तावर व्हायचं. त्या विधीला धूलिअर्घ्य म्हणतात. कन्यादान आणि फेरे रात्री, आणि विदाई दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे ब्योलीला तयार व्हायला उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा पूर्ण दिवस होता. त्या दिवसात हळद, स्नान, पूजा, अंगण, चेहरा ही कामं एकमेकांना वाट देत सावकाश व्हायची. आता डोंगरातली पुष्कळ लग्नं दिवसाची होतात. बरात अकरा-बाराला येते, जेवणं आणि विधी एकदमच चालतात आणि अंधार पडण्याआधी गाड्या परत निघतात. कारणं व्यवहाराची आहेत: रात्रीचे घाटरस्ते, बरातीतली दारू आणि तिच्यामुळे होणारी भांडणं, मंगसीरातली थंडी, दिल्लीहून एका दिवसाच्या रजेवर आलेले नातेवाईक. यातलं एकही कारण सौंदर्याचं नाही. पण परिणाम सगळा ब्योलीच्या सकाळवर झाला. जे बारा तासांत व्हायचं ते चार तासांत बसवायचं म्हटलं की काही गोष्टी आदल्या दिवसावर ढकलाव्या लागतात, काही विकत आणाव्या लागतात आणि उरलेल्या एका सराईत हातावर सोपवाव्या लागतात. पार्लरवाली हा तो हात.

माणसांचीही टंचाई आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत अल्मोडा आणि पौडी गढवाल या उत्तराखंडातल्या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. वाढ मंदावली असं नव्हे, माणसंच कमी झाली. राज्य सरकारने २०१७ मध्ये पलायन आयोग नेमला, आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या अहवालात २०११ नंतर ७३४ वस्त्या निर्मनुष्य झाल्याची नोंद आहे. ज्या वाडीत चार घरांना कुलूप आहे तिथे दूर्वांची जुडी हाती घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या सवाष्णी आणायच्या कुठून, हा प्रश्न पार्लरच्या आधीचा आहे.

अंगणाचं काम ब्योलीच्या अंगावर होत नसलं तरी ते तिच्या तयारीचाच भाग मानलं जातं. तांदूळ भिजवून वाटतात, त्या पांढऱ्या लेपाला बिस्वार म्हणतात. गेरूच्या लाल जमिनीवर बोटांनी बिस्वाराच्या रेषा ओढल्या की ऐपण होतं. प्रत्येक प्रसंगाची चौकी, म्हणजे ऐपणाची आकृती, वेगळी असते. धूलिअर्घ्याची चौकी जिथे वर उभा राहणार तिथे, आणि शेजारी त्याच्या पुरोहितासाठी आचार्य चौकी. देवघराच्या भिंतीवर ज्योतिपट्टा, ज्यात मातृका असतात. रेषा कुठून सुरू करायची, ठिपक्याने कुठे बंद करायची याचे नियम मुली आईच्या शेजारी बसून शिकायच्या. २०२१ मध्ये उत्तराखंडच्या ऐपणाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमारास बाजारात ऐपणाची छापील चिकटपट्टीही मुबलक झाली होती. ती उंबऱ्यावर चिकटवायला फार वेळ लागत नाही.

‘चिकटपट्टीला मी दोष देत नाही,’ आमा म्हणते. ‘पण ऐपण काढायला चार मुली पहाटेपासून वाकून बसायच्या. ब्योलीला खिडकीतून दिसायचं की हे माझ्यासाठी चाललंय.’

‘आणि त्या चार मुलींना शाळा बुडवावी लागायची,’ पार्लरवाली म्हणते. यावर आमाकडे उत्तर नाही, आणि खरं तर पार्लरवालीच्या म्हणण्यातही फार दम नाही. लग्नाच्या एका दिवसाने कोणाची शाळा बुडाली नाही. अल्मोड्यात आणि हल्द्वानीत आज ऐपण काढून, कापडावर आणि फ्रेमवर विकून पैसे मिळवणाऱ्या तरुणी आहेत, त्या याच अंगणांत शिकल्या.

यानंतर चेहऱ्याचं काम. कुमाऊंनी ब्योलीच्या कपाळावर आणि गालांवर भुवयांच्या कडेने बारीक लाल-पांढरे ठिपके काढतात, त्यांना कुरमू म्हणतात. वराच्याही चेहऱ्यावर ते असतात. पांढरा ठिपका बिस्वाराचा किंवा चंदनाचा, लाल रोळीचा, म्हणजे कुंकवाचा. मराठी लग्नात मुंडावळ्यांमुळे जसा चेहरा लग्नाचा होतो, तसा तिकडे कुरमूमुळे होतो. कुरमू रंगवत नाहीत, ‘लिहितात’, आणि तो लिहिण्याचा मान घरातल्या एखाद्या जाणत्या, बोट न थरथरणाऱ्या बाईचा असतो.

आता ते पार्लरवाली लिहिते. तिने आधी बेस बसवलेला असतो, वर पावडर दिलेली असते, कारण तेलकट चेहऱ्यावर बिस्वार धरत नाही आणि वाळल्यावर त्याचे पोपडे सुटतात. ती पातळ कुंचला वापरते, आणि तिचे ठिपके एकसारखे येतात.

‘फार सारखे आलेत,’ आमा म्हणते. ‘माझ्या काकीने लिहिलेले वाकडे होते. पण ती काकी होती. तू कोण आहेस हिची?’

‘कोणी नाही,’ पार्लरवाली म्हणते. ‘तेच सांगायचं होतं, आमा. माझे आजोबा या पटांगणाच्या कडेला ढोल वाजवायचे. तुमच्या घरच्या तीन लग्नांत वाजवला त्यांनी. उंबऱ्याच्या आत आमच्यातली मी पहिली आले, आणि ते या मेकअपच्या पेटीमुळे.’

कुमाऊंतली आणि गढवालातली ढोल-दमाऊ वाजवणारी घराणी बहुतेक शिल्पकार, म्हणजे दलित, समाजातली आहेत. त्यांच्या ढोलाशिवाय धूलिअर्घ्य होत नाही, बरात निघत नाही, देवतेचं आवाहनही होत नाही; पण घरात त्यांना प्रवेश नसे. लग्नाच्या बाबतीत हा भेद आणखी पुढे गेलेला होता. शिल्पकारांच्या ब्योलीने डोलीत आणि वराने पालखीत बसायचं नाही, निदान सवर्णांच्या गावातून जाताना उतरायचं, असा दंडक होता. त्याविरुद्ध गढवालात आर्यसमाजाचे जयानंद भारती यांच्या पुढाकाराने डोला-पालकी आंदोलन उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतरही हा दंडक संपला नाही. ९ मे १९८० रोजी अल्मोडा जिल्ह्यातल्या कफल्टा गावात दलित वराने पालखीतून उतरण्यावरून वाद पेटला आणि बरातीतल्या १४ जणांना ठार मारण्यात आलं. डोंगरातल्या लग्नाच्या रीतींबद्दल हळवेपणाने लिहिणारे ही तारीख सहसा घेत नाहीत. ती घेतल्यावाचून ब्योलीला सजवणाऱ्या घरच्या हातांचा पूर्ण अर्थ लागत नाही, कारण त्या हातांची यादी जितकी मायेने भरलेली होती तितकीच ती काटेकोरपणे बंद होती.

आमा यावर सारवासारव करत नाही. ‘तुझ्या आजोबांना आम्ही पंक्तीबाहेर वाढायचो. ते चूकच होतं,’ ती म्हणते. ‘पण मग हिशेब नीट कर. तू आत आलीस ते माणूस म्हणून की पैसे घेऊन काम करणारी म्हणून? उद्या पेटी नसताना आलीस तर ही लोकं चहा कशात देतील?’

‘ते मला माहीत आहे,’ पार्लरवाली म्हणते. ‘म्हणून तर पेटी घेऊन येते.’

जुन्या व्यवस्थेचं समर्थन करणारा आणि नव्याचं समर्थन करणारा, दोघांनाही अडचणीचं वाटेल असं हे उत्तर आहे. पैशाने दार उघडतं हे खरं, आणि पैशाने उघडलेलं दार तेवढ्यापुरतंच उघडं राहतं हेही खरं.

दागिन्यांच्या बाबतीत दोघींचं भांडण कमी आणि एकमत जास्त आहे. नथ मोठी असते. गढवालातली टिहरी नथ आकाराने सर्वांत प्रसिद्ध, कुमाऊंनी नथही गालावर उतरते. तिचा भार नाकावर पडू नये म्हणून साखळीने किंवा दोऱ्याने ती केसांना अडकवतात. गळ्यात गलोबंद, म्हणजे मखमलीच्या लाल किंवा काळ्या पट्टीवर शिवलेल्या सोन्याच्या चौकटी; मनगटात पौंची; जुन्या घरांत चांदीची हंसुळी. लग्नानंतर काळ्या मण्यांचा चरेऊ येतो. नाक टोचलेलं नसेल तर नथ दाबून बसवण्याची सोय आता आहे, आणि आमाला ती पसंत आहे, कारण तिच्या स्वतःच्या नाकाची पाळी नथीने फाटलेली आहे. सोन्याचा भाव वाढला तशी उसन्या आणि भाड्याच्या नथीही आल्या. जौनसार-बावर भागातल्या काही गावांनी तर २०२५ मध्ये पंचायत भरवून लग्नात बायकांनी तीनच दागिने घालावेत असा नियम केला आणि मोडणाऱ्यास दंड ठरवला. नियम पुरुषांनी ठरवला आणि तो बायकांच्या दागिन्यांवर आहे, बरातीतल्या दारूवर का नाही, असा प्रश्न त्या वेळी तिथल्या बायकांनीच विचारला.

एक उलटापालट मात्र नोंदवण्यासारखी आहे. रुद्रप्रयाग जिल्ह्यातलं त्रियुगीनारायण हे शिव-पार्वतीच्या विवाहाचं ठिकाण मानलं जातं, तिथे अखंड धुनी आहे, आणि बाहेरून येऊन तिथे लग्न करणाऱ्या जोडप्यांची संख्या वाढते आहे. २०२३ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी डेहराडूनच्या गुंतवणूकदार परिषदेत श्रीमंत कुटुंबांना उत्तराखंडात लग्नं करण्याचं आवाहन केलं, त्यानंतर हा ओघ अधिकच चर्चेत आला. ‘दिल्लीची मुलगी येते ती नथ आणि पिछौडा मागते,’ पार्लरवाली सांगते. ‘आणि आपल्या गावातली मुलगी दिल्लीच्या लेहंग्याचा फोटो दाखवते.’ ‘दोघींनाही आपल्या घरचं नको,’ आमा म्हणते. यात आमा थोडी घाई करते. गावातली मुलगी लेहंगा घालते, पण त्यावर पिछौडा घेतेच. तो न घेता मांडवात गेलेली कुमाऊंनी ब्योली शोधून सापडणार नाही.

रंगवाली पिछौडा हा या सगळ्या तयारीचा कळस. साधारण तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद पांढरं सुती कापड घेतात. पूर्वी ते हळदीने किंवा किल्मोड्याच्या मुळांनी पिवळं रंगवत. किल्मोडा हे डोंगरउतारावर वाढणारं काटेरी झुडूप, त्याची फळं जांभळी आणि मूळ आतून पिवळंधमक. लाल रंगही हळदीतूनच काढत: वाटलेल्या हळदीत लिंबाचा रस आणि टाकणखार घालून ते मिश्रण तांब्याच्या भांड्यात ठेवत. मग कापड ताणून धरायचं, मधोमध स्वस्तिक काढायचं, त्याच्या चार घरांत सूर्य, चंद्र, शंख आणि घंटा, आणि उरलेल्या सगळ्या पिवळ्या अवकाशात लाल ठिपके. ठिपक्यासाठी नाण्यावर कापड गुंडाळून त्याचा शिक्का करत. एक बाई कापड सरकवायची, दुसरी ठसा उठवायची. वाळवण सावलीत, कारण उन्हात रंग विटतो. अल्मोड्याच्या काही घराण्यांनी हे काम हाताने चालू ठेवलं आहे. बाकी बाजार चाळणीछपाईच्या जॉर्जेट आणि शिफॉनचा आहे, त्याला जरीची किनार आणि लटकनही असतात. २०२३ मध्ये कुमाऊंच्या रंगवाली पिछौड्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं.

छापील पिछौड्याचे ठिपके कडेपर्यंत सरळ रांगेत जातात. हाती काढलेल्यात कडेला पोचेपर्यंत रांग कुठेतरी सरकलेली असते, आणि दोन ठशांमधली शाई कमी-जास्त असते. जाणत्या बायका पदर हातात घेताच कोणता ते ओळखतात.

‘माझा पिछौडा माझ्या जेडजाने रंगवला,’ आमा म्हणते. जेडजा म्हणजे मोठी काकू. ‘दोन दिवस तिचे हात लाल-पिवळे होते. तो मी प्रत्येक शुभकार्यात घेतला.’

‘आणि बूबू गेल्यावर?’ पार्लरवाली विचारते. बूबू म्हणजे आजोबा.

‘मग पेटीत ठेवला.’

पिछौडा सौभाग्याची खूण मानला जातो. सवाष्णी तो नामकरण, मुंज, लग्न, पूजा अशा सगळ्या प्रसंगी घेतात आणि वैधव्य आलं की परंपरेने तो बंद होतो. म्हणजे ज्या वस्त्राची सगळ्यांत जास्त ओढ, तेच एका दिवसात पेटीत जातं. हल्ली काही शहरी घरांत आई विधवा असली तरी मुलीच्या लग्नात पिछौडा घेते, आणि तो विकत आणलेला असतो. जेडजाने रंगवलेला पिछौडा घ्यायचा की नाही हे जेडजा आणि तिच्या सोबतिणी ठरवत. दुकानातला पिछौडा घेणारीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. बाजाराच्या बाजूने सांगण्यासारखी ही एक भक्कम गोष्ट आहे, आणि पार्लरवाली ती सांगते. आमा ऐकून घेते, पण एवढंच म्हणते की तिला तिचाच हवा होता.

पिछौड्यानंतर मुकुट. वर आणि वधू दोघांच्या कपाळावर पुठ्ठ्याचा किंवा कागदाचा सजवलेला मुकुट बांधतात. वराच्या मुकुटावर गणेश, वधूच्या मुकुटावर राधा-कृष्ण. कुमाऊंतली पंत घराणी आपले पूर्वज कोकणातून आल्याचं सांगतात, पण त्यांच्या मुलींच्या कपाळावरही मुंडावळ्या नसतात, हाच मुकुट असतो. मुकुट बांधताना केशरचना बिघडते, यावरून शेवटची कुरबुर होते. पार्लरवाली अंबाडा आधीच खाली घेऊन तोडगा काढते.

या सगळ्या वेळात ब्योलीने काही खाल्लेलं नसतं. कन्यादान करणारे आईवडीलही उपाशी असतात. रात्रीच्या लग्नात हा उपास पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चाले आणि फेऱ्यांच्या वेळी मुली चक्कर येऊन पडण्याचे प्रसंग येत. दिवसाच्या लग्नाने तो निम्म्यावर आणला. ‘मी नळीने ज्यूस देते, लिपस्टिक जात नाही,’ पार्लरवाली म्हणते. आमा दुसरीकडे बघते. उपासाचे नियम कडक सांगणाऱ्या बायका ब्योलीला दूध-गूळ देताना नेहमीच दुसरीकडे बघत आल्या आहेत.

बरात पोचते तेव्हा पटांगणात छोलिया नर्तकांची ढाल-तलवार फिरते, मशकबीन (पिशवीचा बाजा) आणि रणसिंगा (तुतारी) वाजतो, वधूपिता चौकीवर उभ्या असलेल्या वराचे पाय धुतो. ब्योली या वेळी बाहेर येत नाही. तिची तयारी संपलेली असते आणि तिला बोलावणं येईपर्यंत आतच बसायचं असतं.

जुन्या लग्नात मात्र तयारीची एक दुसरी सकाळही होती. रात्रभर विधी झाल्यावर उजाडताना ब्योलीला विदाईसाठी पुन्हा तयार करत. कुरमू अर्धे पुसलेले, डोळे जागरणाने सुजलेले, पिछौड्याला होमाचा धूर. आई आणि काकवा तिचे केस सोडून पुन्हा घालत, चुरगळलेलं नीट करत, दागिने मोजून पाहत. डोलीतून डोंगर उतरायचा म्हणून तिला गरम कपडे आणि पदरात काही खायला बांधून देत. पहिल्या सकाळी सगळं गाव तिच्याभोवती असायचं, दुसऱ्या सकाळी फक्त घरच्या बायका.

‘ती सकाळ गेली,’ आमा म्हणते. ‘आता पाच वाजता गाडी लागते. आईला एकटीने हात लावायला वेळच मिळत नाही.’

पार्लरवाली या एका बाबतीत वाद घालत नाही. तिचं काम बरात येण्याआधी संपतं आणि ती पुढच्या लग्नासाठी निघते, त्यामुळे विदाई तिने स्वतःच्या घरची सोडून फारशी पाहिलेली नाही. ती एक व्यवहाराची गोष्ट सुचवते: फेरे आणि विदाई यांच्यामध्ये अर्धा तास धरून ठेवायचा, मेकअप उतरवण्यासाठी म्हणून सांगायचं, आणि खोलीत आईशिवाय कोणाला सोडायचं नाही. वरपक्ष मेकअपसाठी थांबतो, हा तिचा अनुभव आहे. काही घरांनी असा वेळ ठेवायला सुरुवात केली आहे. त्यानंतर गाड्या निघतात, आणि जिथे निशाणांची रीत पाळली जाते तिथे येताना पुढे असलेलं पांढरं निशाण मागे जातं आणि लाल पुढे येतं.